नांवांची पेढी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू हॅम्पशायर हें ईशान्येकडील एक लहानसें संस्थान आहे. तेथें मेरिमॅक नदीच्या कांठीं मँचेस्टर नांवाचें शहर वसलें आहे. इंग्लंडांतील कापडाच्या राजधानीचें हें नांव त्या गांवानें १८१० सालीं मोठ्या आशेनें धारण केलें आणि पुढें शंभर वर्षें तें सार्थही करून दाखविलें. १८३१ सालीं स्थापन झालेल्या अमोस्केग कंपनीनें नदीच्या दोन्ही तीरांवर लाल विटांच्या गिरण्यांची जी रांग उभी केली, तिच्या तोडीचा सुती कापडाचा कारखाना साऱ्या जगांत क्वचितच असेल. भरभराटीच्या काळांत तेथें सुमारें १७,००० माणसें काम करीत. परंतु स्पर्धा व संप यांच्या मालिकेंत ही गिरणी सांपडली, १९३५ सालीं तिचीं यंत्रें थांबलीं आणि त्यानंतर कंपनीचें दिवाळें निघालें. इमारती मात्र उभ्या राहिल्या. त्याच लाल विटांच्या एका इमारतींत विसाव्या शतकानंतर एक निराळीच पेढी नांदूं लागली. तिच्याजवळ माग नव्हते, धोटे नव्हते, विकावयास कापडाचा एक वारही नव्हता. ती नांवांचा व्यापार करीत होती. तिचें नांव डाइन. या पेढीचा उदय आणि अस्त हा जेमतेम वीस वर्षांचा इतिहास असला, तरी आजच्या सुशिक्षित कुटुंबाचा जो व्यवहार रोज तारांतून चालतो, त्याच्या मुळाशीं असलेली एक गोष्ट या इतिहासामुळें स्पष्ट होते.

नांवांचा व्यापार म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक अंक दिलेला असतो, आणि यंत्रें एकमेकांस या अंकांनींच ओळखतात. पूर्वापार चालत आलेल्या पद्धतीप्रमाणें हे अंक सुमारें ४२९ कोटी होऊं शकतात. मनुष्याच्या स्मरणशक्तीला एवढे अंक पेलणें शक्य नाहीं. त्याला नांव हवें. म्हणून कोणी एखाद्या संकेतस्थळाचें नांव लिहिलें कीं पडद्याआड प्रथम एक चौकशी होते: या नांवाचा अंक कोणता? उत्तर मिळाल्यावरच पुढील सारा व्यवहार सुरू होतो. उत्तर न मिळाल्यास पलीकडचें यंत्र धडधाकट असून, तारा शाबूत असून, ग्राहक मात्र दाराबाहेरच उभा राहतो. घर जागेवर आहे, पण पत्ता सांगणारा मुका झाला आहे, अशी ही स्थिति होय.

प्रारंभीं ही चौकशी फार सोपी होती. १९६९ सालीं ज्या आर्पानेट नांवाच्या जाळ्यापासून पुढें इंटरनेट उत्पन्न झालें, त्यांत पहिल्या वर्षीं अवघीं चार केंद्रें होतीं. पुढें यंत्रें वाढलीं तशी सर्व नांवांची एक यादी कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवण्यांत येऊं लागली. एलिझाबेथ फाइनलर या विदुषीच्या देखरेखीखालीं हें दप्तर चालत असे. नवें यंत्र जोडणारानें तेथें कळवावें, तेथील मंडळींनीं यादींत नोंद करावी आणि इतर सर्वांनीं ती यादी वेळोवेळीं उतरवून घ्यावी, असा रिवाज होता. यंत्रें शेंकड्यांनीं मोजावीं लागतांच हा रिवाज तोकडा पडूं लागला. साऱ्या मुलुखाचें दप्तर एकाच कचेरींत ठेवल्यास त्या कचेरीपुढें जशी रीघ लागते, तशीच रीघ येथेंही लागली.

या अडचणींतून मार्ग काढला तो पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञानें. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेंत जॉन पोस्टेल यांच्या सूचनेवरून त्यानें १९८३ सालीं एक नवी नामव्यवस्था आंखली. तिचें तत्त्व आपल्याकडील जमाबंदीच्या दप्तरासारखें आहे. खेड्यांतील प्रत्येक शेताची नोंद कलेक्टर कचेरींत शोधीत बसण्याचें कारण नसतें; कलेक्टरास तालुके ठाऊक असतात, तालुक्यास गांवें ठाऊक असतात, आणि गांवच्या कुलकर्ण्यास शेतें ठाऊक असतात. त्याचप्रमाणें या व्यवस्थेंत अगदीं वरच्या मूळ सेवकास फक्त शेवटचें पद कोठें विचारावयाचें तें माहीत असतें, त्याच्या खालच्यास त्याच्या खालचें, आणि अखेरचें उत्तर ज्याचें नांव त्याच्याच दप्तरांतून मिळतें. मिळालेलें उत्तर ठराविक काळपर्यंत जवळ बाळगण्याची मुभा असते, त्यामुळें प्रत्येक वेळीं सारी पायपीट करावी लागत नाहीं. मोकापेट्रिसनें आणखी एक शहाणपणाचा नियम घातला: कोणत्याही नांवाचें दप्तर निदान दोन ठिकाणीं असावें, म्हणजे एक बंद पडलें तरी दुसरें उत्तर देईल. हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील सारी कथा त्याच्याभोंवतींच फिरते.

डाइनचा जन्म मात्र व्यापाऱ्याच्या पेढीवर झाला नाहीं. तो विद्यार्थ्यांच्या खोलींत झाला. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट ही १८६५ सालीं स्थापन झालेली शिक्षणसंस्था आहे. तेथें शिकणाऱ्या जेरेमी हिचकॉक, टॉम डेली, टिम वाइल्ड व ख्रिस राइनहार्ट या तरुणांनीं दूर बसून प्रयोगशाळेंतील संगणक वापरतां यावा, तेथें कागद छापतां यावेत, एवढ्याशा गरजेंतून कामास आरंभ केला. या खटपटींतून १९९८ च्या सुमारास एक विनामूल्य सेवा निर्माण झाली. त्या काळीं घरोघरीं इंटरनेटची जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे, आणि प्रत्येक वेळीं जोडणी करतांना घरच्या यंत्रास नवा अंक मिळे. सकाळीं एक पत्ता, सायंकाळीं दुसरा! अशा बिऱ्हाडकरूस कायमचें नांव कसें द्यावें? या विद्यार्थ्यांनीं अशी युक्ति योजिली कीं घरच्या यंत्रानेंच आपला अंक बदलतांच दप्तरास वर्दी द्यावी आणि दप्तरानें ती नोंद तत्काळ फिरवावी. बिऱ्हाड बदललें तरी दारावरची पाटी तीच राहिली. हौशी लोकांना, लहान संस्थांना व दूर राहून घरच्या यंत्राशीं संबंध ठेवूं पाहणाऱ्यांना हें वरदानच वाटलें.

पण फुकट चालणाऱ्या अन्नछत्रालाही शिधा लागतोच. लोक वाढले, यंत्रें वाढलीं, खर्च वाढला. सेवा चालू ठेवण्यास २५,००० डॉलर लागतील असा हिशेब झाला, तेव्हां वापरणाऱ्यांनाच वर्गणीसाठीं विनंती करण्यांत आली. मागितले त्याहून अधिक, म्हणजे ४०,००० डॉलरांवर रक्कम जमली. जेथें देणाऱ्यास देण्याची सक्ति नव्हती, जेथें बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलें नव्हतें, तेथें एवढी रक्कम उभी राहावी, हें त्या काळच्या इंटरनेटच्या स्वभावाचें लक्षण मानलें पाहिजे. तें जाळें तोंवर बाजार झालें नव्हतें; तो एक शेजार होता. २००१ सालीं या मंडळाचें रूपांतर कंपनींत झालें आणि हिचकॉक व डेली यांनीं तिची धुरा वाहिली. आरंभीं देणग्यांवरच तिचा निर्वाह चाले.

पुढें व्यापार वाढला तसें कंपनीचें गिऱ्हाईकही बदललें. मोठमोठ्या कंपन्यांना स्वतःचें नांवांचें दप्तर सांभाळण्याची कटकट नको होती. ज्या पेढीचें तें कामच आहे, तिच्याकडे तें सोंपवावें आणि मोबदला द्यावा, अशी रीत पडली. या कामांत गतीला मोठें महत्त्व होतें. नांवाची चौकशी ही प्रत्येक व्यवहाराची पहिली पायरी. ती पायरी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानें उशिरा चढली गेली तरी कोट्यवधि चौकशांत मिळून तो विलंब मोठा होतो. म्हणून एकच अंक अनेक खंडांतील अनेक ठिकाणांहून एकाच वेळीं जाहीर करण्याची युक्ति वापरली जाते. लंडनचा प्रश्न लंडनच्या जवळपास, टोकियोचा प्रश्न टोकियोच्या जवळपास, असें जेथल्या तेथें उत्तर मिळतें. डाइननें या कामांत नांव मिळविलें, आणि ट्विटरसारखीं प्रचंड संकेतस्थळें तिचीं आश्रित झालीं.

आश्रितांबरोबर जबाबदाऱ्याही आल्या. डिसेंबर २००९ मध्यें एके रात्रीं ट्विटरकडे जाणारे लोक भलत्याच पानावर जाऊन पोंचले. यंत्रें फोडण्यांत आलीं नव्हतीं. कोणी तरी ट्विटरच्या खात्याच्या खऱ्या किल्ल्या हस्तगत करून दप्तरांतील पत्ताच फिरविला होता. याच्याही पुढची कसोटी वर्षभरांत आली. जानेवारी २०१० मध्यें डाइननें एव्हरी-डी.एन.एस. नांवाची, विनामूल्य नामसेवा देणारी दुसरी एक संस्था विकत घेतली होती. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकन परराष्ट्रखात्याचीं गुप्त पत्रें प्रसिद्ध करून विकीलीक्सनें खळबळ उडविली आणि तिच्यावर मारा सुरू झाला. तेव्हां २ डिसेंबर रोजीं एव्हरी-डी.एन.एस.नें विकीलीक्सच्या मुख्य नांवाची सेवा बंद केली. या माऱ्यानें इतर जवळजवळ पांच लाख संकेतस्थळें धोक्यांत येत आहेत, हें कारण तिनें दिलें. कारण खोटें होतें असें म्हणतां येत नाहीं. शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग आपल्या चाळींत येऊं नये असें कोणास वाटणार नाहीं? परंतु त्या दिवशीं एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढें आली. ज्याच्या हातीं नांवांची वही, त्याच्या हातीं लोकांस दिसण्या-न-दिसण्याची सत्ता. विकीलीक्सनें लगेच स्वित्झर्लंडच्या नांवाखालीं दुसरी पाटी लावली, हा भाग निराळा.

पेढी वाढतच होती. २०१२ सालीं तिला बाहेरच्या भांडवलदारांकडून ३ कोटी ८० लक्ष डॉलर मिळाले. २०१४च्या मे महिन्यांत तिनें रेनेसिस ही कंपनी विकत घेतली. रेनेसिसचें काम इंटरनेटच्या रस्त्यांवर पहारा ठेवण्याचें होतें: कोणत्या देशाची वाहतूक कोणत्या मार्गानें जाते, कोठें मार्ग तुटला, याची ती खडान् खडा नोंद ठेवी. जानेवारी २००८ मध्यें अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या तारा तुटून भारताची पश्चिमेकडील वाहतूक कोंडली. त्या तारांचीं एक टोकें मुंबईच्या किनाऱ्यास लागलेलीं असल्यानें इकडील कचेऱ्यांनाही त्याचा चटका बसला. पुढें २८ जानेवारी २०११च्या मध्यरात्रीनंतर इजिप्तच्या सरकारनें आपला देश जवळजवळ संपूर्णपणें इंटरनेटवरून तोडला. अशा प्रसंगांचा तपशीलवार वृत्तान्त जगास देणाऱ्यांत रेनेसिसची मंडळी अग्रभागीं होती. नांवांची वही आणि रस्त्यांवरील पहारा अशीं दोन्ही कामें आतां एका छपराखालीं आलीं. त्याच मे महिन्यांत, ज्या विनामूल्य सेवेनें या घराण्याचा पाया घातला होता, ती बंद करण्यांत आली. वर्गणी देऊन ज्यांनीं हें रोप जगविलें, त्यांच्यापैकीं कित्येकांना आतां दामाजीचें राज्य संपून सावकाराचें सुरू झाल्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. कंपनीच्या बाजूनें पाहतां, पगारी नोकर व भांडवलदार यांचा भार वाहणाऱ्या पेढीस अन्नछत्र चालविणें परवडत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

२०१६ च्या मे महिन्यांत आणखी ५ कोटी डॉलरांचें भांडवल आलें. त्याच वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं नामव्यवस्थेच्या मुळाशीं असलेला अमेरिकन सरकारचा करार संपला आणि तिचा कारभार १९९८ सालीं स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेच्या हातीं पूर्णपणें आला. नांवें कोणा एका सरकारचीं नव्हेत, साऱ्या जगाचीं, अशी ग्वाही त्या दिवशीं मिळाली. पण धोका सरकारच्या बाजूनें आला नाहीं; तो लोकांच्या घरांतील कोनाड्यांतून आला.

त्या सुमारास दारावर पहारा ठेवणारे कॅमेरे, चित्रें नोंदणाऱ्या पेट्या, घरगुती जोडणीचीं यंत्रें अशा लक्षावधि वस्तु इंटरनेटला जोडल्या गेल्या होत्या. कारखान्यांतून निघतांना त्यांना जी ठराविक परवलीची खूण दिलेली असे, तीच बहुतेक घरांत कायम राही. मिराई नांवाची एक उपद्रवी आज्ञावली कांहीं तरुणांनीं रचली. ती अशा सुमारें साठ ठराविक खुणांच्या जोड्या एकामागून एक लावून पाही, आणि जें कुलूप उघडेल तें यंत्र आपल्या फौजेंत भरती करी. घरमालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. सप्टेंबर २०१६च्या अखेरीस या आज्ञावलीची मूळ संहिता उघड प्रसिद्ध करण्यांत आली, आणि जें शस्त्र थोड्यांच्या हातीं होतें तें वाटेल त्याच्या हातीं गेलें.

शुक्रवार, ता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे सात वाजून गेले होते. भारतांत दुपारचे सुमारें पावणेपांच. मिराईच्या फौजेनें डाइनच्या नामसेवकांवर खोट्या चौकशांचा वर्षाव सुरू केला. कंपनीच्या नंतरच्या अंदाजाप्रमाणें त्यांत सुमारें एक लक्षापर्यंत यंत्रें सामील होतीं. दोनएक तासांत पहिली लाट ओसरते न ओसरते, तोंच दुपारच्या सुमारास दुसरी आली. या माऱ्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. उत्तर न मिळालेल्या प्रामाणिक यंत्रांनींही, आपल्या नेमून दिलेल्या शिस्तीप्रमाणें, पुन्हां पुन्हां तोच प्रश्न विचारण्यास आरंभ केला, आणि शत्रूच्या गर्दींत मित्रांची गर्दी मिसळली. खरी चौकशी कोणती आणि खोटी कोणती, हें निवडणें दुरापास्त झालें. जवळ बाळगलेल्या जुन्या उत्तरांची मुदत जसजशी संपत गेली, तसतशीं ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय, रेडिट, गिटहब, पेपाल अशीं नांवें अमेरिकेच्या मोठ्या भागांत व युरोपांतही एकेक करून अंतर्धान पावूं लागलीं. त्यांचीं यंत्रें सुरळीत चालू होतीं. फक्त त्यांचा पत्ता सांगणारें कोणी उरलें नव्हतें. सायंकाळपर्यंत कंपनीच्या लोकांनीं सेवा पूर्ववत् केली, आणि संकटाच्या वेळीं ग्राहकांस वेळोवेळीं खरी परिस्थिति कळवीत राहण्याचा त्यांचा सचोटीचा गुण अनेकांनीं वाखाणला.

यांत शत्रु कोण होता? कोणी परक्या राज्यानें ही चढाई केली असा तर्क प्रथम बोलून दाखविण्यांत आला. परंतु डिसेंबर २०२० मध्यें अमेरिकन न्यायखात्यानें जें जाहीर केलें, तें ऐकून कोणीही थक्क व्हावें. गुन्हा कबूल करणारी व्यक्ति त्या काळीं अज्ञान वयाची होती, आणि माऱ्याचा हेतु सोनी कंपनीच्या खेळांचें जाळें बंद पाडण्याचा होता! त्या खेळाच्या नांवांचें दप्तर डाइनकडे, म्हणून डाइनवर मारा. आणि डाइनकडे शेंकडों इतरांचीं दप्तरें, म्हणून तींही बंद. पोरांनीं चिंचेवर भिरकावलेला दगड लागून साऱ्या गांवाची वेस कोसळावी, तसा हा प्रकार झाला.

याचें मर्म मोकापेट्रिसच्या त्या जुन्या नियमांत आहे. दप्तर निदान दोन ठिकाणीं असावें, असें तो नियम सांगतो. मोठमोठ्या कंपन्यांनीं नियमाचें अक्षर पाळलें होतें. त्यांचीं दप्तरें दोन नव्हे, चार चार सेवकांवर होतीं. पण ते चारही सेवक एकाच पेढीचे नोकर होते. ज्यांनीं दुसऱ्या एखाद्या पेढीवरही आपली वही ठेविली होती, त्यांचा व्यवहार त्या दिवशींही चालू राहिला. सोय, स्वस्ताई व गति यांच्या मोहानें, विभागणीसाठीं निर्माण झालेली व्यवस्था हळूहळू पुन्हां एका कचेरीच्या दारांत येऊन उभी राहिली होती. मेन्लो पार्कच्या यादीपासून निघालेला प्रवास मँचेस्टरच्या गिरणींत येऊन वर्तुळ पुरें करीत होता.

त्यानंतर बरोबर एक महिन्यानें, २१ नोव्हेंबर २०१६ रोजीं, ओरॅकल या बलाढ्य कंपनीनें डाइन विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्या वेळच्या निवेदनानुसार डाइनचे ३,५०० हून अधिक व्यापारी ग्राहक होते आणि दिवसाला ४,००० कोटी वेळां ती वाहतुकीची दिशा ठरवीत होती. विद्यार्थ्यांच्या खोलींतून निघून वर्गणीवर वाढलेलें हें रोप अखेर दुसऱ्याच्या वाड्याच्या आवारांत नेऊन लावण्यांत आलें. पुढें तिच्या सेवा ओरॅकलच्या स्वतःच्या सेवांत विलीन करण्यांत आल्या आणि स्वतंत्र पेढी म्हणून डाइन उरली नाहीं.

या अनुभवापासून जग कांहींच शिकलें नाहीं असें नव्हे. घरगुती यंत्रांस सरसकट एकच परवलीची खूण देऊं नये, असा कायदा कॅलिफोर्निया संस्थानानें केला व तो १ जानेवारी २०२० पासून अमलांत आला. ब्रिटननेंही २०२४ सालीं तसेच निर्बंध लागू केले. तथापि मूळ दोष खोलवर आहे. डाइनवरील माऱ्यास नऊ वर्षें पुरीं होत असतांनाच, २० ऑक्टोबर २०२५ रोजीं, ॲमेझॉनच्या संगणकसेवेच्या व्हर्जिनिया संस्थानांतील केंद्रांत एका महत्त्वाच्या नांवाची नोंद चुकीनें कोरी झाली, आणि असंख्य व्यवहार तासन् तास खोळंबले. त्या वेळीं शत्रु कोणीच नव्हता. स्वयंचलित दप्तरानें स्वतःच आपलें पान पुसलें होतें.

२०१४ सालापासून ‘भारत’ या देवनागरी पदानें संपणारीं नांवें नोंदवितां येऊं लागलीं आहेत. मराठींतील नांवही आतां त्याच व्यवस्थेच्या आधारानें जगभर ओळखलें जाऊं शकतें. ज्याला स्वतःचें नांव मिळालें, त्याला तें कोणाच्या वहींत लिहिलें आहे हें पाहण्याचा अधिकार आहे, आणि तें पाहणें हें त्याचें कर्तव्यही आहे. आपल्या आजेलोकांनीं दागिने कधीं एकाच पेटींत ठेविले नाहींत. कांहीं कपाटांत, कांहीं माहेरीं, कांहीं फडताळांतील डब्यांत, अशी त्यांची रीत होती. त्यांना संगणकाचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण मेरिमॅकच्या कांठच्या पेढीला, तिच्या बड्या ग्राहकांना आणि त्यांच्या मागून आलेल्या सर्वांना जो धडा फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला, तो त्या माउल्यांना पूर्वींच अवगत होता.